गागोद्याची न झालेली नोंद

२३ मे २०१२ रोजी पेण तालुक्यातल्या गागोदे परिसरात, रस्त्यापासून थोडं आत झाडीत, एक जळालेलं आणि कुजलेलं प्रेत सापडलं. पोलीस पाटलानं कळवलं, पेणचे पोलीस आले, डॉक्टरांना बोलावून जागेवरच तपासणी झाली. काही नमुने मुंबईला जे. जे. रुग्णालयात पाठवले गेले आणि उरलेलं तिथंच पुरलं गेलं. खुनाचा गुन्हा दाखल झाला नाही. अकस्मात मृत्यूची साधी नोंदही झाली नाही. पंधरा-वीस दिवसांत मृग लागला, त्या जागेवर गवत उगवलं, आणि पुढची तीन वर्षं तीन महिने ते प्रेत कुणाचंच नव्हतं.

ते शीना बोराचं होतं, असं ऑगस्ट २०१५ मध्ये पोलिसांनी सांगितलं आणि गागोद्याला दूरचित्रवाणीच्या गाड्यांची रांग लागली. ११ सप्टेंबर १८९५ ला विनोबा भाव्यांचा जन्म याच गागोद्यात झाला. एरवी या गावाची चौकशी करत कुणी आलंच, तर ते त्या घराची करत येई.

पुढच्या पानांवर बोलणारी माणसं हौशी आहेत. त्यांच्याकडे खाकी वर्दी नाही, वकिलीची सनद नाही, प्रयोगशाळा नाही. त्यांना वर्तमानपत्रांची कात्रणं जपायची, नकाशावर अंतरं मोजायची आणि एकमेकांचं म्हणणं खोडायची सवय आहे. मराठी वाचकाला ही जात नवी नाही. बाबूराव अर्नाळकरांनी हजाराच्या वर रहस्यकथा लिहिल्या, त्या वाचून मोठं झालेलं घर महाराष्ट्रात कुठंही सापडेल. झुंजार, काळा पहाड, धनंजय आणि छोटू यांच्यानंतर गुरुनाथ नाईक आले, सुहास शिरवळकर आले. या सगळ्या वाचनातून आपण एक गोष्ट पक्की शिकलो, की प्रेत सापडलं की गोष्ट सुरू होते. प्रेत सापडूनही गोष्ट सुरू होत नाही, असं अर्नाळकरांच्या एकाही नायकाच्या वाट्याला आलं नसेल. रायगड जिल्ह्यात ते प्रत्यक्ष घडलं, आणि या प्रकरणात माझं कुतूहल अडकलं आहे ते नेमकं तिथं.

प्रकरणाचा सांगाडा थोडक्यात मांडतो, कारण तपशील पुढं येणारच आहेत. २१ ऑगस्ट २०१५ ला श्यामवर राय हा ड्रायव्हर बेकायदा पिस्तुलाच्या प्रकरणात खार पोलिसांच्या हाती लागला आणि चौकशीत एका जुन्या खुनाबद्दल बोलू लागला. २५ ऑगस्टला त्याच्या पूर्वीच्या मालकीण आणि शीनाची आई इंद्राणी मुखर्जी यांना अटक झाली, पाठोपाठ कोलकात्यात त्यांचे पूर्वीचे पती संजीव खन्ना यांना, आणि नोव्हेंबरात त्यांचे तेव्हाचे पती पीटर मुखर्जी यांना. तपास मुंबई पोलिसांकडून सीबीआयकडे गेला, राय पुढं माफीचा साक्षीदार झाला, जानेवारी २०१७ मध्ये आरोप निश्चित झाले. सरकार पक्षाचं म्हणणं असं, की २४ एप्रिल २०१२ ला मुंबईत मोटारीत शीनाचा गळा आवळला गेला आणि दुसऱ्या दिवशी पहाटे प्रेत गागोद्याला आणून पेट्रोल टाकून जाळलं गेलं. आरोपींना हे मान्य नाही. शीना जिवंत आहे, ती अमुक ठिकाणी दिसली, असे दावे इंद्राणी मुखर्जींच्या बाजूनं न्यायालयात आणि बाहेरही झालेले आहेत. पीटर मुखर्जींना २०२० साली उच्च न्यायालयाकडून आणि इंद्राणी मुखर्जींना मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाकडून जामीन मिळाला. फेब्रुवारी २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं खटला वर्षभरात संपवायला सांगितलं. आरोपी हे निकाल लागेपर्यंत आरोपीच असतात. हौशी मंडळींना हे वाक्य आवडत नाही, पण प्रस्तावनाकार म्हणून ते लिहिणं माझं काम आहे.

२०१५ च्या त्या पावसाळ्यात सगळा देश या कुटुंबाची वंशावळ काढत बसला होता. बहीण म्हणून ओळख करून दिलेली मुलगी, आधीचे पती, नंतरचे पती, सावत्र भावंडं, सगळं फळ्यावर काढून दाखवलं जात होतं. त्या गदारोळात एक माणूस मागं राहिला. पीटर मुखर्जींचा मुलगा राहुल, ज्याच्याशी शीनाचं लग्न ठरलं होतं. २०१२ च्या एप्रिलअखेर ती दिसेनाशी झाली तेव्हा नोकरीचा राजीनामा तिच्या नावानं पोहोचला, ती परदेशी गेली असं सांगितलं गेलं, आणि बहुतेकांनी ते ऐकून घेतलं. राहुलनं ऐकलं नाही. तो मुंबईतल्या पोलीस ठाण्यांत गेला. वडिलांशी आणि इंद्राणी मुखर्जींशी फोनवर झालेली बोलणी त्यानं ध्वनिमुद्रित करून ठेवली. ती बोलणी तब्बल दहा वर्षांनी न्यायालयात ऐकवली गेली. या प्रकरणातला पहिला हौशी तपासनीस तोच. त्याच्याकडे कौशल्य नव्हतं, अधिकार नव्हता. एक साधा प्रश्न होता, ती कुठं आहे, आणि तो तो विचारत राहिला. पण ठाण्यात रीतसर ‘मिसिंग’ दाखल झाली नाही. मुलगी सज्ञान, नोकरी करणारी, घरचे म्हणतात परदेशी गेली, मग तक्रार कसली?

आता दोन्ही टोकं शेजारी ठेवून पाहा. एप्रिलच्या शेवटी मुंबईत एक तरुण मुलगी हरवल्याचं सांगायला माणूस येतो आणि नोंद होत नाही. मे महिन्याच्या चौथ्या आठवड्यात, मोटारीनं दोन-तीन तासांच्या अंतरावर, एक अनोळखी प्रेत सापडतं आणि नोंद होत नाही. मुंबईचा कागद लिहिला गेला असता आणि पेणचाही लिहिला गेला असता, तर एखाद्या कारकुनानं किंवा हवालदारानं ते दोन कागद जूनच्या आत समोरासमोर ठेवले असते, अशी दाट शक्यता होती. त्याला शेरलॉक होम्सची बुद्धी लागली नसती. वय, उंची, बांधा, दात, दिनांक, एवढंच जुळवायचं होतं. मुख्य आरोपी कोण, हेतू काय, पैसा कुठं गेला, हे सगळे प्रश्न मोठे आहेत आणि त्यांचं उत्तर न्यायालय देईल. हे दोन कागद का लिहिले गेले नाहीत, हा प्रश्न मात्र कुठल्याच आरोपपत्रात मुख्य जागी नाही. तो हौशी लोकांनीच विचारायचा आहे.

काय व्हायला हवं होतं, ते जरा सावकाश पाहू. कोकणातल्या गावात प्रेत सापडलं तर पहिली जबाबदारी पोलीस पाटलाची. १९६७ च्या महाराष्ट्र ग्रामपोलीस अधिनियमानं हे पद उभं आहे, आणि या प्रकरणात पाटलानं आपलं काम केलं. त्यानंतर ठाणे अंमलदारानं अकस्मात मृत्यू दाखल करायचा. त्याला क्रमांक पडतो, ‘अ.मृ.र.नं.’ अमुक ऑब्लिक वर्ष, आणि एकदा क्रमांक पडला की ती नोंद आपोआप मरत नाही. दर महिन्याला वरिष्ठ विचारतात, याचं काय झालं? फौजदारी प्रक्रिया संहितेच्या कलम १७४ प्रमाणे कार्यकारी दंडाधिकाऱ्याला कळवायचं, जागेवर जायचं, गावातले दोन प्रतिष्ठित पंच घेऊन मरणोत्तर पंचनामा करायचा, जखमा आणि खुणा लिहायच्या, प्रेत शवविच्छेदनाला पाठवायचं. १ जुलै २०२४ पासून हेच काम नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १९४ खाली चालतं. मजकुरात फारसा फरक नाही. संशय आला तर पुढची पायरी खुनाचा गुन्हा, फिर्यादी कुणी नसलं तर सरकारतर्फे पोलीस. मग वर्णन सगळ्या ठाण्यांना कळवायचं आणि हरवलेल्यांच्या नोंदींशी ताडून पाहायचं.

रानात, गावापासून दूर, जळालेल्या अवस्थेत सापडलेल्या माणसाच्या मृत्यूत संशय नाही असं कोण म्हणेल? तरीही क्रमांक पडला नाही. २०१५ मध्ये हे बाहेर आल्यावर पोलीस खात्यात वरपर्यंत खळबळ उडाली. नोंद करू नका असं वरून सांगितलं गेलं होतं का, याची चौकशी झाली. व्यक्तींच्या दोषात मी शिरत नाही, कारण त्यामागची सवय जास्त जुनी आणि जास्त पसरलेली आहे. खुनाचा गुन्हा दाखल केला की तो उघडकीस आणावा लागतो. नाही आणता आला तर ठाण्याच्या नावावर न उलगडलेला खून चढतो. महाराष्ट्रात अशा गुन्ह्याची शेवटी ‘अ समरी’ पाठवतात, म्हणजे गुन्हा खरा पण आरोपी मिळाला नाही. ब समरी खोट्या तक्रारीची, क समरी गैरसमजातून आलेल्या तक्रारीची. इंग्रजी मालिका पाहून आपण ज्याला कोल्ड केस म्हणतो, ती आपल्याकडे या अ समरीच्या गठ्ठ्यात बांधलेली असते. खुनाला मुदतीचा कायदा लागू नाही, नवा पुरावा मिळाला तर गठ्ठा केव्हाही सोडता येतो. पण सोडायला आधी गठ्ठा असावा लागतो. गागोद्याचा नव्हता.

त्याच रायगड जिल्ह्यात, त्याच वर्षी, सुमारे दोन महिने आधी काय झालं होतं ते आठवा. २४ मार्च २०१२ च्या पहाटे दिवेआगरच्या सुवर्णगणेश मंदिरावर दरोडा पडला, दोन पहारेकऱ्यांचा खून झाला आणि १९९७ साली सुपारीच्या वाडीत तांब्याच्या पेटीत सापडलेला सोन्याचा गणपती चोरीला गेला. सगळा जिल्हा पेटून उठला, विधिमंडळात आवाज झाला. जिल्हा पोलीस टोळीपर्यंत पोहोचले, वितळवलेल्या सोन्यापर्यंत पोहोचले, आणि २०१७ मध्ये अलिबागच्या न्यायालयानं शिक्षा सुनावल्या. पोलिसांना तपास येत नाही, असं म्हणणाऱ्यांनी दिवेआगर जरूर वाचावं. फरक एवढाच, की दिवेआगरच्या मागं गणपती होता, गाव होतं, मेलेल्यांची नावं होती. गागोद्याच्या प्रेतासाठी पेण ठाण्याच्या दारात कुणी येऊन बसलेलं नव्हतं. जे मुंबईत ठाण्याच्या दारात गेले होते, त्यांना पेण कुठं आहे हे माहीत असायचं कारण नव्हतं.

रायगडचा किनारा अनोळखी प्रेतांना सरावलेला आहे, हेही बाहेरच्या वाचकानं लक्षात घ्यावं. पावसाळ्यात भरतीबरोबर काय काय लागतं ते मांडव्यापासून श्रीवर्धनपर्यंतच्या कोळीवाड्यांत विचारा. मे २०२१ मध्ये तौक्ते चक्रीवादळात मुंबईच्या पश्चिमेला पी-३०५ ही बार्ज बुडाली. तिच्यावर २६१ माणसं होती. पुढच्या दिवसांत रायगडच्या किनाऱ्यावर प्रेतं लागू लागली, पाण्यानं फुगलेली, चेहरा न उरलेली. त्यांची ओळख पटवायला डीएनए चाचण्या कराव्या लागल्या. तिथं ती धडपड फळाला आली, कारण हाताशी यादी होती. बार्जवर कोण होतं हे ठाऊक होतं, त्यांचे नातेवाईक रक्ताचे नमुने द्यायला आले होते. डीएनएची ताकद आपण प्रयोगशाळेत शोधतो, पण नमुना कशाशी जुळवायचा हेच ठरलेलं नसेल तर यंत्र काय करणार? गागोद्याहून गेलेले नमुने मुंबईत होते आणि शीनाचे रक्ताचे नातेवाईकही मुंबईत होते.

देशपातळीवर अशी जुळवाजुळव करण्याची एक संधी येऊन गेली. २०१९ साली लोकसभेत मांडलेल्या डीएनए तंत्रज्ञान विधेयकात हरवलेल्या व्यक्तींची आणि अनोळखी मृतांची स्वतंत्र सूची ठेवण्याची तरतूद होती. खासगीपणाचे आक्षेप आले, त्यातले बरेच रास्त होते. जुलै २०२३ मध्ये विधेयक मागं घेतलं गेलं. संशयितांची सूची नको असेल तर नको, पण हरवलेल्यांची आणि बेवारस मृतांची सूची त्याच पाण्यात वाहून जायला नको होती, असं माझं मत आहे.

परदेशातल्या हौशी लोकांनी जे सर्वांत चांगलं काम केलं, तेही याच जातीचं आहे. अमेरिकेत केंटकी राज्यात १९६८ साली ताडपत्रीत गुंडाळलेली एक तरुणी मृत सापडली. नाव कळेना म्हणून लोक तिला ‘टेंट गर्ल’ म्हणू लागले. टॉड मॅथ्यूज नावाच्या एका कारखाना-कामगाराच्या सासऱ्यानं ते प्रेत पाहिलं होतं. जावई त्या गोष्टीनं झपाटला. त्यानं खुनी शोधण्याच्या फंदात न पडता हरवलेल्यांच्या याद्या चाळल्या, वर्षानुवर्षं चाळल्या, आणि १९९८ मध्ये आपली बहीण शोधणाऱ्या एका बाईचं निवेदन त्याला सापडलं. तीस वर्षांनी त्या थडग्यावर नाव आलं. ऑस्ट्रेलियात अ‍ॅडलेडजवळच्या सॉमर्टन किनाऱ्यावर १ डिसेंबर १९४८ ला सापडलेल्या माणसाची कथा तर जगभर गाजली. खिशातल्या कागदाच्या तुकड्यावर ‘तमाम शुद’ हे फारसी शब्द, म्हणून लोकांनी त्याला हेर ठरवला, विषप्रयोग ठरवला, फसलेला प्रेमी ठरवला. २०२२ मध्ये डेरेक अ‍ॅबट या प्राध्यापकानं केसांतल्या डीएनएवरून वंशावळ जुळवून सांगितलं, की हा मेलबर्नचा कार्ल वेब, पेशानं इंजिनिअर. सत्तर वर्षांच्या हेरकथा एका साध्या नावासमोर फिक्या पडल्या.

हौशी तपासाची दुसरी बाजूही याच पुस्तकात आहे आणि मी ती झाकणार नाही. २०२० मध्ये सुशांत सिंह राजपूत याच्या मृत्यूनंतर घराघरांतल्या तपासनीसांनी एका तरुणीला खुनी ठरवून टाकलं. एम्सच्या डॉक्टरांच्या पथकानं त्याच वर्षी खुनाची शक्यता फेटाळली, मार्च २०२५ मध्ये सीबीआयनं प्रकरण बंद करण्याचा अहवाल दिला. दरम्यान ती तुरुंगात राहून आली, तिच्या घरच्यांचं जे झालं ते झालं. ज्यांनी बोटं दाखवली त्यांतल्या कुणालाही त्याची किंमत मोजावी लागली नाही. शीना बोरा प्रकरणावरच्या चर्चांतही हा दोष डोकावतो. कुणी इंद्राणी मुखर्जींच्या मुलाखतीतल्या हसण्यावरून निष्कर्ष काढतो, कुणी त्यांनी साडी कशी नेसली यावरून. असे भाग वाचकानं हौसेखातर वाचावेत आणि सोडून द्यावेत. याउलट काही प्रश्न खरोखर कसदार आहेत. मुंबईहून निघालेला माणूस एवढे घाट आणि खाड्या सोडून पेण-खोपोली रस्त्याला का वळेल? जंगलात नेऊन जाळणाऱ्याला त्या भागाची आधीची माहिती असेल का? एवढं पेट्रोल कुठून आलं? २०१२ च्या हाडांची आणि २०१५ मध्ये उकरून काढलेल्या हाडांची साखळी कागदावर अखंड आहे का?

हा शेवटचा प्रश्न पुस्तकात सर्वांत जास्त जागा घेतो आणि त्याला ती मिळायला हवी. २८ ऑगस्ट २०१५ ला गागोद्याला पुन्हा खोदाई झाली, हाडं बाहेर काढली गेली, कालिन्याच्या न्यायवैद्यक प्रयोगशाळेत त्यांची चाचणी झाली आणि डीएनए इंद्राणी मुखर्जींशी जुळल्याचं सांगितलं गेलं. बचाव पक्ष नेमका इथंच बोट ठेवतो. २०१२ मध्ये जे पुरलं तेच २०१५ मध्ये निघालं कशावरून? मधल्या तीन पावसाळ्यांत त्या जागेवर कुणाचा पहारा होता? ज्या प्रेताची नोंदच नाही, त्याच्या ओळखीचा पुरावा कुठल्या क्रमांकाशी जोडायचा? पेणला न लिहिलेल्या एका कागदाची किंमत अशी वाढत जाते. आरोपी दोषी असतील तर ती पोकळी त्यांच्या पथ्यावर पडते, आणि निर्दोष असतील तर त्याच पोकळीमुळे त्यांना संशय कायमचा धुऊन टाकता येत नाही. त्यावर कळस झाला २०२४ मध्ये. हाडं तपासलेल्या डॉक्टरांची साक्ष चालू असताना ती हाडं सापडत नाहीत, असं जूनमध्ये सरकार पक्षानं न्यायालयात सांगितलं. जुलैमध्ये ती दिल्लीत, सीबीआयच्याच कार्यालयात मिळाली. बारा वर्षांत त्या हाडांचं नशीब फारसं बदललं नव्हतं.

या चर्चा करणाऱ्यांचं मत एक नाही आणि ते एक व्हावं असा प्रयत्नही संपादनात झालेला नाही. एकाच पुराव्यावरून दोघं उलट टोकांना गेलेले दिसतील. वाचताना एक पथ्य पाळावं, अशी विनंती. कुणी काही ठाम म्हणालं की त्याला आधार कागदाचा आहे, साक्षीचा आहे की नुसत्या वाटण्याचा, ते समासात पेन्सिलीनं लिहावं. काही प्रकरणांनंतर समास फार बोलका होतो.

आणि वाचून झाल्यावर हौस उरली, तर ती मुखर्जी कुटुंबावर खर्च करू नये. त्यांच्यासाठी न्यायालय आहे, वकील आहेत, वर्तमानपत्रं आहेत. प्रत्येक जिल्ह्याच्या पोलिसांकडे अनोळखी मृतांच्या नोंदी असतात. अंदाजे वय, उंची, अंगावरचे कपडे, गोंदण, सापडल्याची जागा आणि तारीख, एवढंच तिथं लिहिलेलं असतं. शेजारीच हरवलेल्यांच्या नोंदी असतात. आपल्या जिल्ह्याच्या आणि शेजारच्या जिल्ह्याच्या अशा दोन्ही नोंदी एकदा समोर घेऊन बसा. काही जुळतंय असं वाटलं तर ते चारचौघांत न सांगता लेखी अर्ज करून त्या ठाण्याला कळवा, आणि अर्जाच्या प्रतीवर पोच घ्यायला विसरू नका.